कुठचे होय जी तुम्ही?

वर्धा जिल्ह्यात कोणालाही फार वेळ अनोळखी राहता येत नाही. बसस्टँडवर बाकड्याच्या टोकाला अंग चोरून बसा, वर्तमानपत्र तोंडापुढं धरा, वाटल्यास डोळे मिटून घ्या; शेजारचा माणूस एकदा घसा साफ करणार आणि विचारणार, "कुठचे होय जी तुम्ही?" गावाचं नाव सांगितलं की त्या गावात त्याची मावशी निघते. मावशी नसली तर मावशीच्या नणंदेचा जावई तिथं तलाठी असतो. तोही नसला तर त्या गावची संत्री गोड असतात, एवढं तरी त्याला ठाऊक असतंच. मग इकडे कोणाकडे आलात, काय काम काढलं, जेवण झालं का, लेकरं किती, मोठा काय करतो, त्याचं लग्न काऊन नाही केलं अजून. पंधरा मिनिटांत तुमची कुंडली त्याच्या हातात असते आणि त्याच्या पिशवीतला चिवडा तुमच्या.

मोठ्या शहरातून आलेल्या पाहुण्यांना हा प्रकार झेपत नाही. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ मुंबईहून सेवाग्रामला चार दिवस शांततेत काढायला आले होते. स्टेशनपासून आश्रमापर्यंतच्या रस्त्यात ऑटोवाल्यानं त्यांचा पगार, पेन्शन, बीपी आणि सुनेचा स्वभाव एवढं सगळं विचारून घेतलं. ते चांगलेच वैतागले. "तुमच्याकडे खासगी असं काही असतं की नाही हो?" त्यांनी मला विचारलं. असतं, पण ते समोरच्याचं असतं आणि आपण ते शोधून काढायचं असतं, हे उत्तर मी ओठांवरच ठेवलं. पुढं निघायच्या आदल्या रात्री त्यांची बीपीची गोळी संपली. आठवड्याचा बंद होता. उघडी दुकानं हुडकत, शटर अर्धं वर करायला लावत ती नेमकी गोळी ज्यानं आणून दिली तो तोच ऑटोवाला. त्याला गोळीचं नाव पुन्हा विचारावंसुद्धा लागलं नाही.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं आहे. आमच्या जिल्ह्यातला चांगुलपणा हा भोचकपणाच्या पोटी जन्माला येतो. ज्याला दुसऱ्याच्या भानगडीत पडायचंच नाही, तो दुसऱ्याच्या मदतीला तरी कसा धावणार? मदत करायची तर आधी अडचण कळायला हवी, आणि अडचण ही अशी वस्तू आहे की ती कोणी आपण होऊन सांगत नाही. ती खोदून काढावी लागते. सभ्य माणसं खोदत नाहीत. आमच्याकडे तेवढी सभ्यता नाही, हे बरं आहे.

वर्धा-आर्वी बस घ्या. मे महिन्यातली दुपार, खिडकीचा गज हात लावू देत नाही. एक मुलगी फोनवर दबक्या आवाजात बोलत असते. शेजारच्या आजी ते उघड उघड ऐकत असतात. चोरून ऐकणं त्यांच्या स्वभावात नाही. फोन पर्समध्ये जायच्या आत प्रश्न येतो.

"पेपर आहे का व बाई तुहा?"

"हो."

"कोन्त्या शाळेत?"

मुलगी कॉलेजचं नाव सांगते. आजींनी ते कधी ऐकलेलं नसतं, पण म्हणून काही त्या थांबत नाहीत. त्या मान वळवून अख्ख्या बसला विचारतात. मागच्या सीटवरचे टोपीवाले सांगतात की ते कॉलेज स्टँडपासून फार लांब पडतं, अलीकडच्या फाट्यावर उतरलं तर जवळ आहे. कंडक्टर म्हणतो, फाट्यावर थांबा नाही. झालं! पुढची पाच मिनिटं बसमध्ये एसटीच्या नियमांवर अशी काही चर्चा होते की विधानसभेनं शिकावं. शेवटी कंडक्टर घंटी मारतो, बस फाट्यावर थांबते. तोवर टोपीवाल्यांनी पुतण्याला फोन करून मोटारसायकल घेऊन बोलावलेलं असतं. मुलगी उतरते, पण आजी बस हलू देत नाहीत. खिडकीतून त्या पुतण्याची उलटतपासणी चालू असते. "कोनाचा होय रे तू? बापाचं नाव सांग. सिद्दा नेजो अन् सिद्दा येजो." मग मुलीच्या हातावर पदराच्या गाठीतला गुळाचा खडा येतो, पेन दोन आहेत का याची खात्री होते, आणि बस सुटते. आजी मात्र पुढं बराच वेळ हळहळत असतात. "गडबडीत इचारायचंच राह्यलं, कायचा पेपर होय तं."

मुलीनं आभार मानले नाहीत हे कोणाच्या ध्यानातही आलेलं नसतं. चौकशी अर्धी राहिली, याचंच आजींना वाईट वाटत असतं.

या वृत्तीचे तोटेही आहेत. पत्ता विचारून पाहा. आमच्याकडे "माहीत नाही" असं सांगून माणसाला वाटेला लावणं फार कोरडेपणाचं समजतात. त्यामुळे पत्ता माहीत असो की नसो, तो सांगितला जातोच. "असेच सरळ जा, मारुतीचं देऊळ लागते, तिथून जेवण्या हाताला वळा, मग इचारा कोनालेही." यातलं शेवटचं वाक्य तेवढं खात्रीचं असतं. फारच दया आली तर तो गृहस्थ स्वतः तुमच्या गाडीवर मागं बसतो आणि तुम्हाला दुसऱ्याच एखाद्या घरी नेऊन सोडतो. तिथं चहा मिळतो. चहा घेता घेता कळतं की तुम्हाला हवं असलेलं घर तुम्ही निघालात तिथंच, शेजारी होतं.

गावाकडच्या रस्त्यावर हात दाखवला की मोटारसायकल थांबते, हीसुद्धा आमच्याकडची जुनी सोय. पैसे कोणी घेत नाही. भाडं माहितीत वसूल होतं. देवळीला पोचेपर्यंत तुमचं शेत किती, कोरडवाहू की ओलिताचं, यंदा कपाशी लावली की सोयाबीन, बँकेचं कर्ज फिटलं का, हे सगळं द्यावं लागतं. अंतर जास्त असेल तर भावकीतल्या वादापर्यंत जावं लागतं. यात लबाडी केली तर समोरच्याला कळतं आणि तो जरा दुखावतो. तीन माणसं आधीच बसलेली असतानाही गाडी थांबते, यावर आरटीओचं काय म्हणणं असेल ते असो.

आता उन्हाळ्यातल्या पाणपोयांबद्दल थोडं. आमच्याकडे पारा ४५ अंशांच्या पुढं गेला तरी बातमी होत नाही. अशा वेळी रस्त्याकडेच्या कडुनिंबाखाली दोन रांजण मांडलेले दिसतात. वरून ओलं पोतं गुंडाळलेलं, तोंडावर लाकडी झाकण, झाकणावर पाखरांसाठी पाण्याची एक फुटकी परळ. शेजारी फलक असतो. फलकावर कोणाच्या तरी स्मरणार्थ असं लिहिलेलं असतं, स्वर्गवासी गृहस्थांचा चष्म्यातला फोटो असतो आणि त्याहून मोठा फोटो एका हयात गृहस्थांचा असतो, ज्यांना येत्या निवडणुकीत उभं राहायचं असतं. 'थंड पाणी' ही अक्षरं उरलेल्या जागेत. मार्चअखेरीस उद्‌घाटन होतं, नारळ फुटतो, पेपरात छापून येतं. त्यानंतर रोज पहाटे ते रांजण घासून कोण भरतं, हे मी हटकून पाहत आलो आहे. बहुतेक ठिकाणी तो शेजारचा पंक्चरवाला निघतो. त्याचं नाव फलकावर नसतं. विचारलं तर म्हणतो, दुकानात बसून बसून येणाऱ्याजाणाऱ्याचं तोंड दिसतं ना जी. एक गंमत मात्र सगळीकडे सारखी आहे. पाण्याचा पेला साखळीनं रांजणाला बांधलेला असतो. पाणी कितीही प्या, विचारणारं कोणी नाही; पण पेल्याच्या बाबतीत मानवजातीवर फार विसंबायचं नाही, असा व्यवहार. मला तो पटतो. साखळी नसली तर दुसऱ्या दिवशी ओंजळीनं प्यायची वेळ येते.

आमच्या जिल्ह्यातला सगळ्यांत मोठा चौकस माणूस मात्र मूळचा इथला नव्हता. तो १९३६ च्या एप्रिलअखेरीस वर्ध्याहून आठ किलोमीटरवरच्या शेगावात राहायला आला. त्या गावाला पुढं १९४० मध्ये सेवाग्राम नाव मिळालं. गांधीजींच्या डोक्यावर देशाचं राजकारण होतं, पण कोणाला रात्री झोप लागली, कोणी काय खाल्लं, कोणाचं पोट साफ झालं आणि कोणाला मातीची पट्टी हवी की एनिमा, याची चौकशी त्यांना कमी महत्त्वाची वाटत नसे. व्हाइसरॉयच्या पत्राला उत्तर लिहिणं आणि कोणाच्या तरी जुलाबाची विचारपूस करणं ही दोन्ही कामं एकाच सकाळी, एकाच बैठकीवरून व्हायची. आश्रमातल्या लोकांना याचा जाच झाला नसेल असं मी म्हणणार नाही. पण आजारी माणसाला मात्र त्या घरात जागा होती.

परचुरे शास्त्री हे त्यांपैकी एक. संस्कृतचे पंडित, गांधीजींची आणि त्यांची ओळख येरवड्याच्या तुरुंगातली. त्यांना कुष्ठरोग झाला होता. त्या वेळी त्यावर खात्रीचं औषध नव्हतं आणि लोकांच्या मनातली भीती रोगापेक्षा भयंकर होती. घरचे, गावचे, सगळेच अशा माणसाला बाहेर काढत. शास्त्रीबुवा सेवाग्रामला आले आणि राहिले. बापूकुटीपासून हाकेच्या अंतरावर त्यांच्यासाठी झोपडी झाली. ती परचुरे कुटी आजही आश्रमात दाखवतात. गांधीजी स्वतः त्यांच्या जखमा धुवायचे, अंगाला मालिश करायचे. त्याचा एक फोटो पुष्कळांनी पाहिला असेल. वाकलेले गांधीजी आणि पुढ्यात शास्त्रीबुवा. त्या फोटोत मला जे आवडतं ते असं की गांधीजींच्या अंगात दयाळूपणाचा आव कुठं दिसत नाही. रोजचं काम उरकणाऱ्या माणसाची असते तशी तंद्री आहे. कॅमेऱ्याकडे बघायला त्यांना सवड नाही.

गांधीजी शेगावात आले त्याच वर्षी, म्हणजे १९३६ मध्ये, वर्ध्याजवळच्या दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी कुष्ठरोग्यांसाठी काम सुरू केलं होतं. विनोबांचा हा सहकारी. कुष्ठसेवा म्हणजे मिशनऱ्यांचं काम, असा त्या काळचा समज होता आणि बहुतांशी तो खराच होता. गांधीजींनी आपल्या 'रचनात्मक कार्यक्रम' या पुस्तिकेत दिवाणांच्या संस्थेचा मुद्दाम उल्लेख केला आहे. आज वर्ध्यात कोणाला विचाराल तर सेवाग्राम सगळे सांगतील, पवनार सांगतील. दत्तपूर सांगताना जरा डोकं खाजवतील. दिवाणांनी स्वतःचा फोटो कुठल्या रांजणावर लावला नाही, त्याचा हा परिणाम असावा.

हिंगणघाटला २६ डिसेंबर १९१४ रोजी जन्मलेले मुरलीधर देविदास आमटे, म्हणजे आपले बाबा आमटे, यांची गोष्ट मात्र सगळ्यांना पाठ आहे. वरोऱ्यात एका पावसाळी रात्री त्यांना रस्त्याकडेला तुळशीराम दिसला, हातापायाची बोटं झडलेला, मरायला टेकलेला. या गोष्टीतला आम्हा सामान्यांच्या उपयोगाचा भाग म्हणजे बाबा आधी पळून गेले. घाबरून पळाले, मग परत आले. बहुतेकांच्या गोष्टीतला पहिला अर्धा भाग असाच असतो. दुसरा अर्धा लिहायचं राहून जातं, एवढाच फरक.

बाबांच्या लहानपणची आणखी एक हकीकत आहे आणि ती मला तुळशीरामच्या गोष्टीपेक्षा जास्त छळते. दिवाळीत हाताशी आलेली बरीचशी नाणी त्यांनी एका आंधळ्या भिकाऱ्याच्या भांड्यात ओतली. भांडं एकदम जड झालं. भिकाऱ्याला वाटलं, पोरांनी चेष्टेनं दगड टाकले. मी भिकारी आहे बाबा, दगड नको टाकू, असं तो काकुळतीनं म्हणाला. त्याच्या अनुभवात एवढं जड फक्त दगडच होते.

दगडांवरून गिरड आठवलं. समुद्रपूर तालुक्यातल्या गिरडच्या टेकडीवर बाबा फरीद यांचा दर्गा आहे. हिंदू-मुसलमान दोघंही जातात. त्या टेकडीवर सुपारीएवढे, नारळाएवढे गोल दगड सापडतात. भूगर्भशास्त्राच्या हिशेबानं त्या लाव्हाच्या खडकात तयार झालेल्या खनिजांच्या गाठी आहेत. लोकांचा हिशेब वेगळा. तिथून दोन व्यापारी नारळ आणि इतर माल घेऊन चालले होते, त्यांनी बाबांची टर उडवली, तेव्हा सगळ्या मालाचे दगड झाले. इथवरची गोष्ट गाइडपासून प्रसादवाल्यापर्यंत कोणीही सांगतो. जुन्या गॅझेटिअरमध्ये ती पुढंही आहे. व्यापारी रडकुंडीला आले, त्यांनी माफी मागितली, तेव्हा बाबांनी वाळक्या पानांपासून त्यांना नवा माल करून दिला. ते दोघं मग गेलेच नाहीत, तिथंच सेवेला राहिले. त्यांच्या कबरीही टेकडीवर आहेत असं सांगतात. शिक्षेचे दगड लोक खिशात घालून घरी नेतात. त्या वाळक्या पानांबद्दल मात्र कोणी विचारत नाही. लोकांना फकिराचा राग जपून ठेवावासा वाटला, भरपाई नाही. फकिराच्या जागी मी असतो तर मला हे लागलं असतं.

आता भोचकपणाची दुसरी बाजू सांगणं भाग आहे, नाहीतर हा लेख म्हणजे जिल्ह्याची जाहिरात होईल. "कुठचे होय जी तुम्ही?" नंतरचा प्रश्न पुष्कळदा "आडनाव काय?" हा असतो. तो का विचारला जातो हे विचारणाऱ्यालाही माहीत असतं आणि सांगणाऱ्यालाही. उत्तर ऐकून चिवड्याची पुडी पुढं येते की पिशवीत परत जाते, ते पाहायला फार बारीक नजर लागत नाही. याच भागात तहानलेल्याला पाणी वरून, हात न लागू देता ओतण्याचा पुण्यप्रद रिवाज होता. पाणी पाजल्याचं पुण्यही पदरात आणि विटाळही नाही, असा दुहेरी फायदा! जमनालाल बजाज यांनी वर्ध्यातलं लक्ष्मीनारायणाचं देऊळ १७ जुलै १९२८ रोजी सगळ्यांसाठी उघडलं, तेव्हा पुष्कळ भाविकांना देव बाटल्याची काळजी लागली. देव त्याच जागी आहे, अजून बरा आहे.

म्हणून मला सेवाग्रामच्या दवाखान्याचा ज्वारीचा प्रयोग फार शहाणपणाचा वाटतो. डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आसपासच्या गावांत आरोग्य विम्याची योजना चालवली. हप्ता पैशांत नाही, ज्वारीत. सुगी झाली की ज्यानं त्यानं ऐपतीप्रमाणे ज्वारी टाकायची, आणि वर्षभर उपचार मात्र गरजेप्रमाणे घ्यायचे. शेतमजुराची पायली आणि शेतकऱ्याचं पोतं एकाच ढिगात. ज्वारी काय, ढिगात गेली की कोणाची ते कळत नाही. दवाखान्यात आलेल्या बाईला मग पदर सावरून कोणापुढं अजीजी करावी लागत नाही. ती म्हणू शकते, मी ज्वारी दिली आहे. दयेनं मिळालेली गोष्ट आणि हिशेबानं मिळालेली गोष्ट यांत घेणाऱ्याच्या मानेचा कोन बदलतो. द्यायला सगळ्यांनाच आवडतं. घेणाऱ्याला कमीपणा येऊ न देता देणं हे खरं कसबाचं काम, आणि त्यासाठी कधी कधी नाव न विचारणं हेच बरं.

बाकी त्या दवाखान्याच्या आवारात झाडाखाली बसलं की आमचा भोचकपणा ऐन बहरात दिसतो. यवतमाळकडचा नातेवाईक, चंद्रपूरकडची म्हातारी, मध्य प्रदेशातून आलेलं जोडपं. पहिल्या दिवशी प्रत्येकजण आपापल्या गाठोड्याला टेकून असतो. दुसऱ्या दिवशी कोणाचा पेशंट कोणत्या वॉर्डात, काय निघालं, डॉक्टर काय म्हणाले, सगळं सगळ्यांना ठाऊक. तिसऱ्या दिवशी एकाचा डबा दुसऱ्याचा पेशंट खात असतो. चिठ्ठी कोणत्या खिडकीवर, रक्ताचा रिपोर्ट कधी, ही माहिती जुना नातेवाईक नव्या नातेवाइकाला अशा रुबाबात देतो की वाटावं, हाच इथला अधीक्षक.

वर्ध्याला लागून असलेल्या पिंपरी मेघेत जन्मलेल्या सिंधुताई सपकाळ यांनी हे सगळं दुसऱ्या टोकाकडून पाहिलं होतं. घरी नकोशी म्हणून चिंधी हे नाव, लहानपणीच लग्न, पुढं पोटुशी असताना सासरहून हाकललेल्या, गोठ्यात बाळंत झालेल्या. रेल्वेत गाणी म्हणून त्या भीक मागायच्या. आपल्या भाषणांत त्या सांगत की मिळालेलं त्या स्टेशनवरच्या बाकीच्या भिकाऱ्यांना वाटून खायच्या आणि मग रात्री तेच भिकारी त्यांची राखण करायचे. आपण गाडीच्या खिडकीतून दोन रुपये टाकतो, गाडी सुटते आणि आपल्याला बरं वाटतं. फलाटावर त्या दोन रुपयांचं पुढं काय होतं, हे पाहायला आपण तिथं नसतो.

गाडी सुटते, इथंच सगळा घोटाळा आहे. चौकशीला वेळ लागतो. अमेरिकेत जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. प्रिन्स्टनच्या धर्मशास्त्राच्या ४० विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत भाषण द्यायला पाठवलं. काहींचा विषय होता बायबलमधली चांगल्या शोमरोनीची गोष्ट, म्हणजे वाटेत जखमी पडलेल्या अनोळखी माणसाला मदत करणाऱ्याची. वाटेत एक माणूस कण्हत बसवून ठेवला होता. ज्यांना हाताशी वेळ आहे असं सांगितलं होतं त्यांतले ६३ टक्के मदतीला थांबले. ज्यांना उशीर झाला असं सांगितलं होतं त्यांतले १० टक्के. भाषणाच्या विषयानं फारसा फरक पडला नाही. परोपकारावर बोलायची घाई असलेले काही जण त्या माणसाला ओलांडून गेले. हे वाचून आमच्या बसस्टँडवरचे लोक हसले असते. त्यांच्यापैकी कोणालाच कुठं वेळेवर पोचायचं नसतं.

विनोबांचंच पाहा. मार्च १९५१ मध्ये ते पवनारहून हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनाला निघाले, तेही पायी. वर्ध्याहून हैदराबादकडे रेल्वे तेव्हाही जात होती. संमेलन आटोपल्यावर तेलंगणातून पायीच फिरत असताना १८ एप्रिलला पोचमपल्लीत दलित कुटुंबांनी त्यांच्याकडे ८० एकर जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डी नावाच्या गृहस्थांनी १०० एकर देऊ केली. भूदान तिथं सुरू झालं. विनोबांनी रिझर्वेशन केलं असतं तर पोचमपल्ली खिडकीतून दिसलीही नसती.

आमच्या आर्वी तालुक्यानं या बाबतीत दोन्ही टोकं पाहिली आहेत. पुलगाव-आर्वी ही शकुंतला रेल्वे १९१७ ची, अरुंद रुळांची, आणि तिचा वेग असा की जुनी माणसं सांगतात, बांधावरून हात दाखवला की थांबायची. धावत्या गाडीतून उतरून बोरं तोडून पुन्हा चढल्याचे किस्से ज्याच्या त्याच्याकडे आहेत. त्यांतले निम्मे खरे धरले तरी पुष्कळ झाले. आता त्याच तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो. नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला. दोन्ही बाजूंना कुंपण, मधे ताशी १२० किलोमीटर. रस्ता उत्तम आहे, मी त्याविरुद्ध नाही. पण त्यावरून जाणाऱ्याला "कुठचे होय जी" असं कोणी विचारायचं म्हटलं तरी "कुठचे" म्हणेपर्यंत तो विरुळच्या पुढं गेलेला असतो.

लोक कधी पायी गेलेच तर काय होतं, हे २०२० च्या टाळेबंदीत दिसलं. हैदराबादकडून नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गावरून, हिंगणघाट आणि जाम चौरस्त्यावरून, परप्रांतातले मजूर डोक्यावर गाठोडी आणि कडेवर लेकरं घेऊन चालले होते. गावागावांनी वेशीवर काट्या आणि बांबू आडवे टाकले होते, बाहेरच्याला प्रवेश बंद. आणि त्याच गावांतली माणसं रस्त्याकडेला खिचडीच्या पातेल्याशी, पाण्याच्या ड्रमशी उभी होती. गावात यायचं नाही, पण जेवल्याशिवाय जायचं नाही, असा तो खाक्या. तोंडाला दुपट्टे बांधलेले, मधे चार हातांचं अंतर, तरी अंतरावरून ओरडून विचारणं चालूच. "कुठचे होय जी? बिहारचे? बाप्पा! मंग चपला कुठी हायेत?" मग गावातून जुन्या चपलांचं पोतं यायचं.

रस्त्यावरच्या अपघाताच्या बाबतीत मात्र आम्हीही कचरतो, हे मान्य करायला हवं. एरवी तासभर चौकशा करणारा माणूस अपघात दिसला की एकदम कामात असतो. कारण तिथं प्रश्न विचारणारे दुसरे असतात. पोलीस, मग कोर्ट, मग तारखा. ही भीती कायद्यानं आता काढून टाकली आहे. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं मदत करणाऱ्यांना संरक्षण देणारी नियमावली बंधनकारक केली, आणि २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात त्यासाठी १३४-अ हे कलम आलं. जखमीला दवाखान्यात पोचवणाऱ्यावर कसली जबाबदारी येत नाही, त्याला अडकवून ठेवता येत नाही आणि नाव-पत्ता सांगायची त्याच्यावर सक्ती नाही. उलट गंभीर अपघातातल्या माणसाला वेळेत पोचवणाऱ्याला बक्षीस देण्याची योजना केंद्र सरकारनं २०२१ मध्ये आणली. तेव्हा ते ५,००० रुपये होतं.

तेव्हा रस्त्यात कोणी पडलेलं दिसलं तर गाडी थांबवा, १०८ फिरवा आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत त्या माणसाजवळ थांबा. पोलिसांना नाव सांगायचं की नाही, ते तुमच्या मर्जीवर आहे. अपघात वर्धा जिल्ह्यात झालेला असेल तर पोलिसांच्या आधी गोळा झालेले लोक तुमचं नाव, गाव, पगार आणि मुलाचं लग्न विचारतील. त्यांच्यापासून संरक्षण देणारं कलम अजून आलेलं नाही.